उद्योग आणि तंत्रज्ञानावर मराठीत नीट कसं लिहावं: पुण्यात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मराठी लिहिता येतं, हे गृहीत धरून हा लेख लिहितोय. दिवाळी अंकात कथा येऊन गेली असेल, एखादं सदर चालवलं असेल, स्वतःचा ब्लॉग असेल. आणि आता कुणीतरी विचारलंय, "आमच्या कंपनीवर लिहाल का?" किंवा एखाद्या पोर्टलला दर आठवड्याला स्टार्टअपवर एक लेख हवाय. पुण्यात अशा कामांना तोटा नाही. चाकण-तळेगावला वाहनांचे कारखाने आहेत, भोसरी-पिंपरीत गल्लोगल्ली वर्कशॉप आहेत, हिंजवडी-खराडीत सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. या सगळ्यांबद्दल मराठीत वाचायला लोक तयार आहेत.

मराठीला हा प्रकार नवा नाही. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं ते कारखान्याचं मासिक म्हणूनच. आज मात्र उद्योगावरचा बराचसा मराठी मजकूर म्हणजे इंग्रजी प्रेस नोटचं घाईघाईत उरकलेलं भाषांतर असतो. तो सुधारायचा तर भाषेपासून सुरुवात करू नका. वाक्य जड होतं ते बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला विषय अर्धाच कळलेला असतो म्हणून. खालच्या पायऱ्यांमध्ये प्रत्यक्ष लिहिण्यापेक्षा लिहिण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिलीय ती याच कारणाने.

हाताशी काय काय हवं

- फोनवर चांगलं चालणारं रेकॉर्डर ॲप, आणि तरीही एक वही
- कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या म्हणजे एमसीए पोर्टलवर स्वतःचं खातं
- एनएसई, बीएसई (हे दोन शेअर बाजार) आणि सेबी (बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) यांच्या वेबसाइट बुकमार्क केलेल्या
- एक्सेल किंवा तसलं कुठलंही स्प्रेडशीट. टक्केवारी तोंडी काढू नका
- युनिकोड मराठी कीबोर्ड, इन्स्क्रिप्ट असो वा फोनेटिक
- भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, ते ऑनलाइन आहेत
- पॅन कार्ड, स्वतंत्र बँक खातं आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी (हे कशाला, ते शेवटच्या पायरीत)

१. कुणासाठी लिहिताय ते आधी ठरवा

'सर्वसामान्य वाचक' नावाचा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यापेक्षा डोळ्यांसमोर एक खरा माणूस धरा. भोसरीत पंधरा कामगारांचं वर्कशॉप चालवणारे मालक, किंवा बीकॉम होऊन बँकेत लागलेली मावसबहीण. मालकांना जीएसटी समजावून सांगायची गरज नाही, पण 'क्लाउड' म्हणजे आपला डेटा नेमका कुठे असतो, हे त्यांना हवंय. बहिणीचं बरोबर उलट. काय सांगायचं, काय गाळायचं, कुठला शब्द उलगडायचा, हे सगळं त्या एका माणसावरून ठरतं. संपादकाने वाचक सांगितला नसेल तर फोन करून विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

२. प्रेस नोट बाजूला ठेवा, कागदपत्रं उघडा

नवखे आणि अनुभवी लेखक इथेच वेगळे पडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर काम सोपं आणि फुकट आहे. तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत आणि आर्थिक वर्ष संपल्यावर ६० दिवसांत तिला निकाल जाहीर करावेच लागतात. ते एनएसई-बीएसईच्या साइटवर असतात. विश्लेषकांशी झालेल्या कॉलचं लेखी इतिवृत्तही तिथेच मिळतं. ते जरूर वाचा. प्रेस नोटमध्ये 'आव्हानात्मक वातावरण' असतं. कॉलवर एखादा विश्लेषक थेट विचारतो की अमुक ग्राहकाची ऑर्डर का गेली, आणि व्यवस्थापनाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

वार्षिक अहवाल शेवटाकडून वाचायला घ्या. पुढच्या रंगीत पानांवर अध्यक्षांचं पत्र आणि झाडं लावतानाचे फोटो असतात. तुमच्या कामाचं असतं ते मागे: लेखापरीक्षकांचा अहवाल, रोख प्रवाह पत्रक, संबंधित व्यक्ती-कंपन्यांशी झालेले व्यवहार, संभाव्य देणी आणि हिशेबाच्या टिपा. एक सोपी तपासणी सांगतो. उलाढाल किती टक्के वाढली ते बघा आणि शेजारी येणं बाकी किती टक्के वाढलं ते बघा. येणं जास्त वेगाने वाढलं असेल तर माल गेलाय, पैसे आलेले नाहीत. यातून निघणारा प्रश्न विचारलात की समोरचा तुमच्याशी वेगळ्या आदराने बोलायला लागतो.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर एमसीए पोर्टलवर जा. १०० रुपये फी भरली की त्या कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं ठरावीक वेळेपुरती उघडतात. एओसी-४ या फॉर्मसोबत ताळेबंद असतो, एमजीटी-७ मध्ये भागधारक आणि संचालकांची माहिती. उघडल्या उघडल्या डाउनलोड करून ठेवा, वेळ भुर्रकन जातो. बहुतेक कंपन्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात आणि त्यानंतर ३० दिवसांत ताळेबंद दाखल होतो. त्यामुळे मार्चअखेरचे आकडे ऑगस्टमध्ये शोधून सापडले नाहीत तर लगेच संशय घेऊ नका. दिवाळीच्या आसपास पुन्हा बघा.

कंपनी आयपीओ आणणार असेल, म्हणजे पहिल्यांदाच लोकांना शेअर विकणार असेल, तर तिचा मसुदा दस्तऐवज सेबीच्या साइटवर मिळतो; छोट्या, एसएमई आयपीओचा एक्स्चेंजच्या साइटवर. शेकडो पानं असतात. सगळी वाचायची नसतात. 'जोखमीचे घटक' हे प्रकरण आधी वाचा. पहिल्या पाच ग्राहकांवर किती धंदा अवलंबून आहे, कुठले खटले चालू आहेत, हे कंपनीला तिथे स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं.

इथले खड्डे:

भोसरी-चाकणमधली बरीच युनिट एकल मालकीची किंवा भागीदारीची असतात. त्यांचे हिशेब एमसीएवर मिळणार नाहीत. मग 'मालकांच्या म्हणण्यानुसार' असं स्पष्ट लिहा.

'एकल' (फक्त त्या कंपनीचे) आणि 'एकत्रित' (उपकंपन्यांसकट) निकाल वेगवेगळे असतात. टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर घेतली. तेव्हापासून २०२५ पर्यंतच्या टाटा मोटर्सच्या एकत्रित आकड्यांत ब्रिटनमधला धंदा मिसळलेला आहे. ते आकडे बघून पिंपरीच्या कारखान्याबद्दल निष्कर्ष काढणं चूक. त्यात २०२५ मध्ये प्रवासी आणि व्यावसायिक वाहनांच्या कंपन्या वेगळ्या झाल्या, म्हणजे मागच्या वर्षाशी तुलना करताना कशाची कशाशी चाललीय ते दोनदा बघा.

वाहन कंपन्या दर महिन्याच्या एक तारखेच्या सुमारास जी 'विक्री' सांगतात ती बहुतेक वेळा डीलरकडे गेलेल्या गाड्यांची असते. गिऱ्हाइकाच्या दारात किती गाड्या गेल्या ते कळतं आरटीओच्या नोंदणीवरून, म्हणजे 'वाहन' पोर्टलवर. दसऱ्याच्या आधी दोन्हींत चांगलीच तफावत असते. डीलरच्या गोडाऊनमध्ये माल भरलेला असतो.

सामंजस्य करार म्हणजे गुंतवणूक झाली असं नाही. करार झाला असेल तर 'करार झाला' एवढंच लिहा. जमीन घेतली का, बांधकाम सुरू झालं का, हा पुढच्या लेखाचा विषय आहे.

३. आकड्यांना शिस्त लावा

मराठी वाचक लाख-कोटीत विचार करतो. इंग्रजी मजकुरातलं मिलियन-बिलियन तसंच उचलून ठेवू नका. दहा लाख म्हणजे मिलियन, शंभर कोटी म्हणजे बिलियन किंवा अब्ज, एक लाख कोटी म्हणजे ट्रिलियन. हे कागदावर लिहून टेबलाला चिकटवा. स्टार्टअपला ५० मिलियन डॉलर मिळाले, तर डॉलर ८५ रुपये धरून ते ४२५ कोटी रुपये होतात. लेखात रुपयाचा आकडा द्या आणि कुठला दर धरला तेही लिहा.

टक्का आणि टक्केबिंदू यांत गल्लत करू नका. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो व्याजदर, ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला. ही कपात पाव टक्केबिंदूची. नफ्याचं प्रमाण ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेलं, तर ते दोन टक्केबिंदूंनी वाढलं, किंवा पाव हिश्शाने वाढलं. दोन्ही खरं. कंपनी आपल्या सोयीचं सांगणार, तुम्ही मूळचे दोन्ही आकडे द्या.

४ कोटींचे १२ कोटी झाले म्हणजे उलाढाल तिप्पट झाली, वाढ २०० टक्के. 'तिपटीने वाढली' लिहिलंत की अर्धे वाचक १२ समजतात आणि अर्धे १६. सरळ '४ कोटींवरून १२ कोटींवर' लिहा, भांडणच मिटलं.

उलाढाल, नफा आणि मूल्यांकन हे तीन शब्द एकमेकांच्या जागी कधीही वापरू नका. '५०० कोटींची कंपनी' या शब्दांना काही अर्थ नाही. उलाढाल ५०० कोटी, की गुंतवणूकदारांनी लावलेली किंमत ५०० कोटी? ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपन्यांचं तर आणखी वेगळं. त्यांच्या साइटवरून विकल्या गेलेल्या मालाची एकूण किंमत म्हणजे त्यांचं उत्पन्न नसतं. त्यातलं कमिशन तेवढं त्यांचं.

तंत्रज्ञानावर लिहिताना एककं तपासा. मराठी मजकुरात सर्रास दिसणारी गफलत किलोवॉट आणि किलोवॉट-तासाची आहे. मोटरची ताकद किलोवॉटमध्ये, बॅटरीत साठलेली वीज किलोवॉट-तासात. तुमच्या महावितरणच्या बिलावरचं एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास. एवढं सांगितलं की वाचकाला स्कूटरचा हिशेब घरबसल्या करता येतो: ३ किलोवॉट-तासांची बॅटरी रिकामी असताना भरायला तीन युनिटांपेक्षा थोडी जास्त वीज लागेल, आणि ७५० वॉटच्या चार्जरने किमान चार तास. इंटरनेटच्या वेगाचंही तेच. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइलचा आकार असतो मेगाबाइटमध्ये. आठाने भागा. सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरतील, तेही सगळं सुरळीत असेल तर.

४. वस्तू चालते कशी, हे पायरीपायरीने लिहून काढा

तंत्रज्ञानावर लिहायला इंजिनिअर असावं लागत नाही. पण एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी घडते, हे स्वतःपुरतं एका पानावर लिहून काढावं लागतं. हे पान छापायचं नसतं.

उदाहरण म्हणून लक्ष्मी रोडवरच्या दुकानातलं यूपीआय पेमेंट घ्या. गिऱ्हाइकाने क्यूआर कोड स्कॅन केला; कोडमध्ये दुकानदाराचा यूपीआय पत्ता आणि नाव असतं. रक्कम टाकून पिन दिला. तो पिन ॲप तपासत नाही, गिऱ्हाइकाची बँक तपासते. निरोप जातो एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या यंत्रणेतून. गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम वजा होते, दुकानदाराच्या बँकेला जमा करायला सांगितलं जातं. बँका-बँकांमधला खरा हिशेब मात्र नंतर, ठरलेल्या वेळांना रिझर्व्ह बँकेकडच्या खात्यांतून मिटतो. आणि दुकानातलं ते "पन्नास रुपये प्राप्त झाले" बोलणारं डबडं? त्यात स्वतःचं सिमकार्ड असतं. ते ॲप कंपनीच्या सर्व्हरकडून आलेला निरोप वाचून दाखवतं.

इतकं लिहून झालं की धंद्याचा प्रश्न आपोआप समोर येतो. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही, मग ॲप कंपनी जगते कशावर? त्या डबड्याच्या मासिक भाड्यावर, दुकानदाराला मिळवून दिलेल्या कर्जावरच्या कमिशनवर, सरकारच्या प्रोत्साहन निधीवर. हा झाला तुमचा लेख. 'डिजिटल क्रांती'बद्दल एक शब्दही न लिहिता.

डेमो मागा. "स्क्रीनशॉट पाठवतो" म्हणाले तर नम्रपणे सांगा की चालताना बघायचंय. ओळखी नसतील तर चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये किंवा मोशीच्या प्रदर्शन केंद्रात एखादं औद्योगिक प्रदर्शन गाठा. पहिल्या दिवशी सकाळी स्टॉलवर मार्केटिंगची मंडळी असतात, ती माहितीपत्रक हातात ठेवतात. शेवटच्या दिवशी दुपारी जा. इंजिनिअर खुर्चीत कंटाळून बसलेले असतात, यंत्र उघडूनसुद्धा दाखवतात.

जुने संदर्भ, अर्थव्यवस्थेवरचे अहवाल हवे असतील तर गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे. बाहेरच्यांसाठी काय नियम आहेत ते जाण्याआधी विचारून घ्या.

५. कारखान्यात जा, आणि मालकांशिवाय आणखी कुणाशी तरी बोला

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. यंत्रं चालताना बघायची असतील तर गुरुवार टाळा. मालकांशी निवांत बोलायचं असेल तर मात्र गुरुवारच बरा. अनेक जण ऑफिसात येऊन बसलेले असतात आणि फोन कमी वाजतो.

आधी मालकांना भेटावं, चहा घ्यावा, "साहेब, जरा शॉपवर फिरून येऊ का?" म्हणून परवानगी घ्यावी. मग ऑपरेटरशी बोलावं. एका वर्कशॉपमध्ये सुटे भाग (शॉपवरच्या भाषेत 'जॉब') तपासणारा कॅमेरा बसवला होता. ऑफिसात मला सांगितलं गेलं की कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तपासणीतली मानवी चूक संपली. बाहेर मशीनवरच्या माणसाला विचारलं, "दादा, कॅमेरा आल्यापासून काय फरक पडला?"

"पहिल्या पाळीला झकास चालतो. दुपारी तिकडचं शटर उघडलं की ऊन येतं, जॉब चमकतो, मग चांगला जॉबपण रिजेक्ट मारतो."

"मग काय करता?"

"ताडपत्री लावली ना."

ती ताडपत्री लेखात आली आणि मालकांनाही आवडली, कारण ते वाचून दुसऱ्या कारखान्यातल्या दोघांनी त्यांना फोन करून विचारलं की दिवे कसे लावलेत. यंत्रावर लिहिताना त्याची मर्यादा सांगितली की वाचकाचा बाकीच्यावरही विश्वास बसतो. अशा कॅमेऱ्याबद्दल दोन आकडे नेहमी मागा: किती खराब भाग सुटतात, आणि किती चांगले भाग उगाच बाद होतात. '९९ टक्के अचूक' या एका आकड्यात हे दोन्ही लपतात.

मुलाखतीआधी 'छापायचं नाही' म्हणजे नेमकं काय, हे बोलून घ्या. बोलून झाल्यावर "हे मात्र लिहू नका हं" म्हणणारे भेटतात. काय करायचं ते तुमच्या संपादकाशी ठरवा, पण रेकॉर्डिंग जपून ठेवा. लेख छापण्याआधी पूर्ण मजकूर वाचायला पाठवण्याची पद्धत मला पसंत नाही. आकडे, नावं, पदं आणि अवतरणं तपासायला पाठवा, तेवढं पुरे. कंपनीनेच पैसे देऊन लिहून घेतलं असेल तर अर्थात सगळंच त्यांना दाखवायचं.

६. आता लिहा

वाक्यातून कर्ता गायब झाला की समजा गडबड आहे. प्रेस नोटच्या मराठीत हा हमखास गायब असतो. नमुना बघा:

'कंपनीच्या अत्याधुनिक, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित सर्वसमावेशक उपाययोजनांच्या माध्यमातून उत्पादन क्षेत्रातील गुणवत्ता प्रक्रियांचे सक्षमीकरण करण्यात येत असून याद्वारे उद्योगांना लक्षणीय लाभ होत आहे.'

कोण करतंय, काय करतंय, कुणाला किती फायदा, यातलं काहीही सापडत नाही. हेच असं लिहिता येईल:

'पट्ट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक भागाचे कॅमेरा चार बाजूंनी फोटो काढतो. चरा किंवा टवका दिसला की हवेचा झोत तो भाग बाजूच्या पेटीत ढकलतो. आधी हे काम दोन तपासनीस भिंगातून करायचे. आता एक जण त्या पेटीतले भाग पुन्हा तपासतो आणि दुसरी पॅकिंगला गेली.'

दुसऱ्या परिच्छेदासाठी कारखान्यात जावं लागलं. खुर्चीत बसून पहिल्या परिच्छेदाची शब्दरचना कितीही घासलीत तरी दुसरा तयार होत नाही.

'च्या माध्यमातून', 'करण्यात येत आहे', 'लक्षणीय', 'अत्याधुनिक', 'क्रांतिकारी', 'गेमचेंजर' हे शब्द मसुद्यात शोधा आणि काढून बघा. बहुतेक ठिकाणी वाक्याचं काहीही बिघडत नाही.

सुरुवात बातमीतल्या सगळ्यात ठोस गोष्टीने करा. 'आजच्या स्पर्धेच्या युगात' किंवा 'तंत्रज्ञानाने आपलं आयुष्य व्यापलं आहे' असला परिच्छेद लिहिला गेला तर लिहू द्या, हात मोकळा होतो, पाठवण्याआधी उडवा.

७. कुठला शब्द वापरायचा

यावर फार वेळ घालवू नका. जो शब्द त्या कामातली मराठी माणसं वापरतात तो घ्या. सॉफ्टवेअर, सर्व्हर, पासवर्ड, टूल, रिजेक्शन, शिफ्ट हे लिहायला काहीच हरकत नाही. कायदा, कर आणि सरकारी योजनांच्या बाबतीत मात्र परिभाषा कोश उघडा, कारण तिथे शब्द बदलला की अर्थही बदलू शकतो. लघुरूप पहिल्यांदा आलं की ते काय आहे ते अर्ध्या वाक्यात सांगा. आणि एका लेखात एकाच गोष्टीला एकच शब्द ठेवा. वर 'भांडवल', मधे 'गुंतवणूक', खाली 'निधी' असं केलंत तर वाचक तीन वेगळ्या गोष्टी शोधत बसतो.

८. एआयची मदत किती घ्यायची

मुलाखतीचं रेकॉर्डिंग उतरवून घ्यायला, लांबलचक इंग्रजी अहवालात अमुक विषय कुठे आहे ते शोधायला, आपलाच मसुदा कुठे अडतोय ते विचारायला जरूर वापरा. त्यातून आलेला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नाव मूळ कागदाशी ताडून बघा. मराठी रेकॉर्डिंगमध्ये 'दीडशे', 'अडीच हजार', 'पावणेदोन कोटी' ही अंकनामं चुकून उतरतात, तिथे स्वतःच्या कानांनी ऐका. गोपनीयतेचा करार केला असेल तर कंपनीची फाइल अशा साधनावर चढवण्याआधी लेखी परवानगी घ्या.

९. फाइल पाठवताना

सगळं युनिकोडमध्ये. जुन्या डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये असेल तर आधी कन्व्हर्टरमधून काढा, नाहीतर वेबवर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात आणि सर्चमध्ये लेख सापडत नाही. कन्व्हर्ट केल्यावर 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' यांतला ऱ्य नीट उतरलाय का ते बघा. आकडे देवनागरी की इंग्रजी, हे प्रकाशनाच्या पद्धतीप्रमाणे, पण लेखभर एकच.

१०. जाहिरात असेल तर जाहिरात म्हणा

कंपनीने पैसे, फोन, गाडी किंवा परदेशवारी दिली असेल तर ते वाचकाला सुरुवातीलाच, मराठीत आणि ठळक दिसेल असं सांगा. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे एएससीआयची, यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत. ग्राहक संरक्षण कायद्यानुसारही दिशाभूल करणारी शिफारस महागात पडू शकते. शेअरवर लिहिताना जास्त जपा: सेबीकडे नोंदणी नसताना 'हा शेअर घ्या, तो विका' असा सल्ला देऊ नका. कंपनी समजावून सांगा आणि थांबा. तिचे शेअर तुमच्याकडे असतील तर तसं लिहा.

११. करार, बिल आणि पैसे

हे शेवटी आलं असलं तरी प्रत्यक्षात काम घेण्याआधी करायचं. ओळखीतलं काम असलं तरी ईमेलवर इतकं तरी लिहून घ्या: शब्दसंख्या, किती वेळा दुरुस्त्या, तारीख, रक्कम, पैसे किती दिवसांत. "आपण काय परके आहोत का?" असं ऐकायला मिळेल. हसा आणि ईमेल पाठवा.

कॉपीराइट कुणाचा, ते लिहा. हक्क हस्तांतर लेखीच असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे ते पाच वर्षांपुरतं धरलं जातं, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. कंपन्यांच्या छापील करारात 'कायमस्वरूपी, जगभर' असतं. सही करायला हरकत नाही, पण मग दर त्या हिशेबाने मागा.

उद्यम नोंदणी आधारवरून ऑनलाइन होते आणि फुकट आहे. पैसे मागणाऱ्या एजंटांच्या साइट हुबेहूब सरकारी दिसतात, पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतोय ना ते बघा. नोंदणीचा उपयोग असा: सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुम्ही सेवा दिलीत, तर २००६ च्या कायद्यानुसार घेणाऱ्याने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला आयकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही, म्हणून मार्चमध्ये अकाउंट्स खात्याची माणसं स्वतःहून फोन करतात.

एका कंपनीकडून वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर फी मिळाली की सहसा दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का, ते आयकर पोर्टलवर तपासत राहा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते.

बिलावर पॅन, बँक तपशील आणि उद्यम क्रमांक छापा. ज्यांनी काम दिलं त्यांच्याबरोबरच अकाउंट्सलाही ईमेलवर ठेवा. मोठ्या कंपन्यांत व्हेंडर कोड, म्हणजे पुरवठादार म्हणून तुमचा नोंदणी क्रमांक, उघडल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही आणि त्याचा फॉर्म तुम्हाला कुणी आपणहून पाठवत नाही. लेखाचा पहिला मसुदा देतानाच तो मागून घ्या.